पाइप तुंबला आणि फ्लेमिंगो गेले: खाडीकाठच्या एका जुन्या मिठागराचं प्रकरण

आधीच सांगते, यात माणसांची नावं नाहीत, सोसायटीचं नाव नाही आणि नेमकी जागाही नाही. जागा का गाळली ते पुढे कळेलच, एकदा सांगून बसले आणि पस्तावले. बाकी जे घडलं ते तसंच लिहिलंय, आमच्या चुकांसकट. चुका जास्त आहेत.

पार्श्वभूमी

ठाणे खाडीचा मुंबईकडचा काठ, ऐरोली पूल ते वाशी पूल यांच्या मधला, २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मालवणनंतरचं राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. साधारण १,६९० हेक्टर, त्यातलं ८९६ हेक्टर तिवरांचं जंगल आणि उरलेलं पाणी नि चिखल. २०२२ मध्ये ही खाडी रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेली, तेव्हा आजूबाजूचा इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे संरक्षणाचा पट्टा, धरून आकडा ६,५२१ हेक्टरवर गेला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली ही तिसरी रामसर जागा. एवढं सगळं आम्हाला पाठ होतं कारण सोसायटीच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात कोणी ना कोणी हेच फॉरवर्ड टाकायचं, वर गुलाबी फोटो.

पाठ नव्हतं ते हे, की फ्लेमिंगोचा दिवस नकाशावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो, मग ते पसरून चरतात, मान खाली घालून चोच उलटी करून पाणी गाळत बसतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगोच, इथे दोन जातींचे येतात. लहान रोहित मुख्यतः बारीक शेवाळ खातो, मोठ्या रोहितला किडे-कोळंबीसारखं पण चालतं. (खाडीत शेवाळ एवढं का, तर आपल्या घराघरातलं सांडपाणी. म्हणजे आपल्या घाणीवर त्यांचं पोट चाललंय, हे गुलाबी फोटोखाली कोणी लिहीत नाही.) आणि भरती आली की सगळा चिखल पाण्याखाली. मग उभं कुठे राहायचं? लहान रोहित उंचीला जेमतेम तीन फूट, छोटे चिखलपक्षी तर मुठीएवढे, त्यांना त्या वेळी उथळ पाण्याची, उघडी, निवांत जागा लागते, आणि अशा जागा बऱ्याचदा अभयारण्याच्या रेषेबाहेर असतात. जुनी मिठागरं, खाजणं (भरतीचं पाणी शिरतं ती सखल जमीन), काठाकाठाची तळी.

आमच्या बिल्डिंगच्या मागे सर्व्हिस रोडपलीकडे असंच एक सोडलेलं मिठागर आहे. मीठ पिकवणं कधीच बंद झालं, बांध अर्धे ढासळले, मध्ये उथळ तळं उरलं. खाडीचं पाणी रस्त्याखालच्या दोन पाइपांतून आत-बाहेर व्हायचं. नोव्हेंबरपासून शेकाटे, टिलवे, चिखले असे चिखलपक्षी यायचे, डिसेंबर-जानेवारीत फ्लेमिंगो. भरतीच्या वेळी शे-दोनशे, उधाणाला, म्हणजे अमावस्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला, त्याहून जास्त. पाणी ओसरलं की सगळे खाडीत. गच्चीवरून चहा पिता पिता दिसायचं, त्यामुळे कोणाला त्याचं फार काही वाटत नव्हतं. गच्चीवरून दिसतंय ना, मग काय.

काय बिघडलं

त्या वर्षी पावसाळ्यानंतर सर्व्हिस रोडचं काम निघालं. रस्ता एका बाजूने रुंद केला, डेब्रिज तिथेच कडेला ओतलं. डिसेंबरात फ्लेमिंगो आले पण कमी. जानेवारीत तळ्याचं पाणी हिरवट-करडं झालं, वर साय धरल्यासारखा थर. फेब्रुवारीत वास. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी डासांची बोंब सुरू केली आणि महाशिवरात्रीपर्यंत तळ्याच्या अर्ध्या भागात चिखल सुकून त्याला भेगा पडल्या, वर मिठाची पांढरी खपली. सुकल्यावर भटकी कुत्री थेट मधोमध जायला लागली. एक दिवस सकाळी बघितलं तर फ्लेमिंगोंचा थवा वरून दोन घिरट्या घालून गेला, उतरलाच नाही.

आता गंमत बघा, आम्ही चौघं-पाचजणं जी रोज बघत होतो त्यांना सगळ्यांना हे दिसत होतं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. एक म्हणाला या वर्षी ऊन लवकर आलं, एक म्हणाला मोबाइल टॉवर, एक म्हणाली नवीन एलईडी दिव्यांमुळे. मी म्हणाले सीझन संपत आलाय, जातातच ते. पाण्याकडे कोणी बघितलं नाही. पक्षी बघायची सवय लागली की खाली बघायचं राहतं बहुतेक.

खाली बघितलं ते कोळीवाड्यातल्या एका काकांनी. आमच्या वॉचमनच्या ओळखीचे, आता होडी मुलगा चालवतो, हे पाग (फेकायचं जाळं) घेऊन काठाकाठाने बोय मासे मारतात. त्यांना आम्ही फ्लेमिंगोंबद्दल विचारलं तर ते काहीच बोलले नाहीत, सरळ रस्त्याच्या कडेने उतरले, तिवरांच्या मुळांमधून वाट काढत पाइपाच्या तोंडाशी गेले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर काय काय आलं: सिमेंटची फाटकी गोणी, थर्माकोलचं मखर (अर्धं), दुधाच्या पिशव्यांचा लगदा, त्यावर कालवं चिकटलेली. काकांचा तळहात कालवांनी कापला, त्यांनी तो खाडीच्याच पाण्यात धुतला आणि म्हणाले, "पानी येत नाय तं पक्षी येऊन करनार काय? पूर्वी हितं उघाडी होती. मिठागरवाला भरतीला उघडायचा, ओहोटीला लावायचा. आता पाइप टाकला न् इसरले."

उघाडी हा शब्द आमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बांधातली झडप, खाडीचं पाणी हवं तेव्हा आत घ्यायची, नको तेव्हा अडवायची. म्हणजे आम्ही ज्याला नैसर्गिक तळं समजत होतो ते मुळात माणसाने चालवलेलं होतं, आणि चालवणारा गेल्यावर पाइपांच्या नशिबावर उरलं होतं.

समोर काय काय पर्याय होते

पहिला आणि सगळ्यात मोह पाडणारा, जेसीबी. आमच्या कमिटीतल्या एकाचा मेव्हणा कॉन्ट्रॅक्टर. "रविवारी सकाळी सहाला लावतो, नऊपर्यंत मोकळं, कोणाला कळणार पण नाही." खरं सांगते, मी हो म्हणणार होते. थांबवलं दोन गोष्टींनी. पाइपाच्या खाडीकडच्या तोंडाशी तिवरं दाट वाढलीयेत, जेसीबी आत जायचा तर ती तुडवूनच. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर कांदळवन, म्हणजे तिवरं, तोडणं तर बंदच, भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामालाही बंदी, म्हणजे पक्ष्यांसाठी म्हणून गेलो आणि गुन्हा दाखल झाला आमच्यावर. दुसरी गोष्ट काकांनी सांगितली जी आमच्या डोक्यातच नव्हती. तळ्याच्या पलीकडे चाळीची एक ओळ आहे, जमिनीला टेकलेली. इतके महिने पाणी येत नव्हतं म्हणून दोन-तीन घरांनी मागे मोऱ्या काढल्यात, एकाने कोंबड्यांचं खुराडं बांधलंय. "उधानाला एकदम उघडलात तं खुराडं न् कोंबड्या घेऊन फिराल."

दुसरा पर्याय बातमी. ओळखीत एक रिपोर्टर होता, उलट्या पडलेल्या फ्लेमिंगोचा फोटो मिळाला तर उद्याच छापतो म्हणाला. आमच्याकडे तसा फोटो नव्हता, कारण तसं झालं नव्हतं.

तिसरा कोर्ट-कचेरी. पाणथळ जागांच्या तक्रारींसाठी हायकोर्टाच्या आदेशावरून समित्या आहेत, तिथे जायचं, वकील बघायचा. दीर्घ पल्ल्याचं काम, आणि मार्च चालू होता.

चौथा म्हणजे काहीच करायचं नाही. यावर हसू नका, सोसायटीच्या मीटिंगमध्ये याच्याच बाजूने सगळ्यात जास्त हात वर झाले. काही जणांना तर तळं सुकतंय हे बरंच वाटत होतं, सुकलं की डास जातील, पुढेमागे पार्किंगला जागा होईल. एक काकू तावातावाने म्हणाल्या, माझ्या नातवाला डेंग्यू झाला होता, तुमचे फ्लेमिंगो येऊन सलाइन लावणार होते का. त्या वेळी मला राग आला होता. आता वाटतं, त्यांनीच आमचं गाडं रुळावर आणलं.

काय केलं, आणि कुठे घसरलो

पहिली तक्रार आम्ही भावनेच्या भरात लिहिली. "फ्लेमिंगो तडफडून मरत आहेत, तातडीने वाचवा." सहा ठिकाणी ईमेल. आश्चर्य म्हणजे तिसऱ्या दिवशी एक साहेब आले, उन्हात तासभर फिरले आणि विचारलं, मेलेले पक्षी कुठे आहेत? एक पण नव्हता. थवा तर खाडीच्या दुसऱ्या टोकाला मजेत चरत होता. साहेब सभ्य माणूस, काही बोलले नाहीत, पण त्या तक्रारीवर "प्रत्यक्ष पाहणीत तथ्य आढळले नाही" असा शेरा पडला आणि तो कागद पुढच्या प्रत्येक ठिकाणी आमच्या आधी पोचलेला असायचा. एका वाक्याच्या अतिशयोक्तीने आमचे पाच आठवडे खाल्ले.

त्याच दरम्यान दुसरा घोळ. आमच्यातल्या एका मुलाने चांगल्या हेतूने इन्स्टावर रील टाकलं, लोकेशनसकट. पुढच्या शनिवार-रविवारी पन्नासेक माणसं, लांब लेन्सवाले, एक ड्रोन, आणि देवाशपथ सांगते, एक प्री-वेडिंग शूटवाले. तळ्यात जे थोडे शेकाटे उरले होते ते ड्रोन वर गेल्याबरोबर उठले ते दोन दिवस आले नाहीत. रील काढून टाकलं तरी शेअर झालेलं कुठे परत येतं.

मग काकांनी आम्हाला हिशोब शिकवला. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावस्या-पुनवेला साडेअकरा-बाराकडे, आणि खाडीत आत थोडी उशिरा. अॅपमध्ये बघण्यापेक्षा हे सोपं पडलं, कॅलेंडर किचनमध्ये लटकलेलंच असतं. आम्ही दोन बांबू आणले, वीत-वीत अंतरावर माझ्या मुलीच्या लाल नेलपॉलिशने खुणा केल्या, एक बांबू रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला रोवला, एक तळ्यात. आणि पंधरा दिवस, भरतीच्या वेळी, दोन्हीचे फोटो काढले, कोणाची ड्युटी कधी ते ग्रुपवर ठरलेलं. चैत्री अमावस्येच्या दुपारचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा आम्हीच गप्प झालो. बाहेरच्या बांबूच्या सहा खुणा पाण्याखाली, आतल्या बांबूवर पहिल्या खुणेच्या खाली दोन बोटं ओलं. मध्ये फक्त रस्ता.

दुसरी तक्रार या दोन फोटोंवर लिहिली आणि त्यात फ्लेमिंगो हा शब्द शेवटच्या ओळीत एकदाच आला. विषय काय, तर "रस्त्याखालील पाइप तुंबल्याने पाणी साचून डासांचा उपद्रव". सही पहिली त्या डेंग्यूवाल्या काकूंची. झालं असं होतं की मी एका संध्याकाळी त्यांना तळ्यावर घेऊन गेले आणि काकांनी दोन वाट्यांत पाणी दाखवलं, एकात आतलं, एकात बाहेरचं. आतल्या वाटीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. बाहेरच्या वाटीत बोटाच्या पेराएवढी मासळीची पोरं. भरती आत आली की ही पोरं पण आत येतात आणि अळ्या खाऊन टाकतात, पाणी हलतं राहतं, साचत नाही. काकूंनी वाटी डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "मग हे आधी का नाही सांगितलंत?" काय उत्तर देणार. आम्हालाच माहीत नव्हतं.

तरी जमीन एका खात्याची, रस्ता दुसऱ्याचा, तिवरं तिसऱ्याची, त्यामुळे प्रत्येक जण "आमचं नाही, त्यांचं" म्हणत होता. शेवटी उपयोग झाला तो एका ज्युनियर इंजिनियरचा. त्याने फायली बाजूला ठेवून तिघांना एकाच दिवशी, एकाच वेळी रस्त्यावर उभं केलं. अर्ध्या तासात ठरलं: यंत्र नाही, हाताने गाळ काढायचा, रस्त्याच्या बाजूने, तिवरांना हात न लावता, वनखात्याचा माणूस समोर हजर, आणि काढलेला गाळ तिथेच न टाकता उचलून न्यायचा.

तारीख काकांनी सुचवली, अष्टमी. भांगाची भरती, पाणी कमी चढतं, आणि ओहोटी भर दुपारी बाराला म्हणजे कामगारांना उजेडात चार तास मिळतात. आदल्या आठवड्यात आम्ही चाळीत घरोघर जाऊन सांगितलं पाणी येणार आहे, खुराडं हलवायला मदत केली. मे महिन्याचे दिवस, आठ माणसं, फावडी, घमेली, लोखंडी सळ्या. दोन दिवस लागले. पहिला पाइप मोकळा झाला. दुसरा आतून चेपलेला निघाला, रस्त्याच्या कामात त्याच्यावर कसला तरी लोड आला असणार, तो रस्ता खोदल्याशिवाय निघणार नाही आणि आता पुन्हा रस्ता खोदायला कोण तयार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराच्या भरतीला पाइपातून पाणी आलं. आधी फेस, मग काळं, मग जरा निवळ. सुकलेल्या चिखलाच्या भेगांमधून बुडबुडे निघत होते. फ्लेमिंगो अर्थातच नव्हते, बहुतेक गुजरातकडे निघाले होते. एक खंड्या येऊन आमच्या बांबूवर बसला.

पुढे काय झालं

पुढच्या हिवाळ्यात चिखलपक्षी वेळेवर आले. फ्लेमिंगो जानेवारीत आले, पूर्वीच्या मानाने कमी, आणि रोज नाहीत. एकाच पाइपातून पाणी आत येतं ते उधाणाच्या आसपासच पुरेसं चढतं, भांगाच्या दिवसांत तळं तहानलेलंच राहतं. म्हणजे महिन्यातले निम्मे दिवस जागा त्यांच्या कामाची, निम्मे नाही. पाणी चढतं त्या दिवसांत कुत्री मधोमध जात नाहीत, एरवी जातात. डास कमी झाले असं खालचे म्हणतात, गेले असं कोणी म्हणत नाही. पार्किंगचा विषय दर वार्षिक सभेत अजून निघतोच.

पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवून मिळाली. चांगली गोष्ट, पण जाळीवर आठवड्याभरात एवढा प्लास्टिक जमतो की ती साफ नाही केली तर जाळीच बूच होते. हे मंजुरीच्या कागदात कुठे नव्हतं.

पुन्हा असं झालं तर

काकांना मार्चमध्ये विचारलं, ते नोव्हेंबरात विचारायला हवं होतं, डेब्रिज पडलं त्याच आठवड्यात. खाडीकाठी राहायचं आणि पाणी बघणाऱ्या माणसाशी ओळख नाही ठेवायची, हा आमचा बिल्डिंगवाल्यांचा माज म्हणा किंवा आळस.

बांबू आधी, ईमेल नंतर. पंधरा दिवस मोजायला गेले ते फुकट गेले असं तेव्हा काहींना वाटलं, पण तेच कागद एकाही साहेबाने परत पाठवले नाहीत.

लोकेशन टाकायचं नाही, यावर आमच्यात अजून भांडण आहे. तो मुलगा म्हणतो लोकांना माहीतच नसेल तर उद्या कोणी तळं भरून टाकलं तर बोंब कोण मारणार. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, मी पूर्ण नाकारत नाही. फ्लेमिंगो बघायचेच असतील तर ऐरोलीला खाडीकाठी केंद्र आहे, तिथून बोटीने नेतात, भरतीचं बघून. तिथे जा असं मी सगळ्यांना सांगते.

दुसऱ्या पाइपासाठी रस्ता रुंद होत असतानाच बोललो असतो तर तो वाचला असता, नवीनच टाकून घेता आला असता. तिथे आम्ही सपशेल चुकलो. आता पुढचं रस्त्याचं काम निघेपर्यंत थांबायचं, तोवर अर्ज दर सहा महिन्यांनी, त्याच दोन फोटोंसकट, तारखा बदलून.

जाळी साफ करायच्या ड्युट्या लावल्यात. काकूंचा बुधवार, वॉचमनचा शुक्रवार, माझा रविवार. जाताना पुढच्या आठवड्याच्या तिथ्या बघून ठेवते, ओहोटी सकाळची असेल तर नाश्त्याआधी, दुपारची असेल तर टोपी घालून, आणि कालवांमुळे जाड हातमोजे.